मरहूनच्या जागी

“गाऊन दाखव,” म्हातारा म्हणाला.

“तोंड उघडा,” मी म्हटलं, “ताप बघायचाय.”

“आधी गा. मग उघडतो.”

सकाळची ड्यूटी, डॉक्टरांचा राउंड कधीही येईल, आणि हा माणूस उशीला टेकून ओठ घट्ट मिटून बसलेला. मी काही फार गोड बोलणारी बाई नाही. मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकले, तिथं पेशंटचे लाड करायला शिकवत नसत. पण या पेशंटपुढं अख्खं हॉस्पिटल वाकत होतं. झाडूवाल्यापासून वरच्या साहेबांपर्यंत जो तो काहीतरी निमित्त काढून खोलीत डोकवायचा आणि छातीवर हात ठेवून सलाम करून जायचा. म्हणून मी दम धरला आणि सरळ सांगून टाकलं, की बाबा, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि माझं गाणं ऐकलंत तर नसलेला ताप चढेल.

ही गोष्ट बहरीनची. पस्तीसेक वर्षं होऊन गेली. मी तेव्हा तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या वॉर्डची सिस्टर होते. म्हाताऱ्याचं नाव सालेह अल-मरजानी, पण त्या नावानं त्यांना कुणी ओळखत नसे. तिकडं बापाला पोराच्या नावानं हाक मारायची रीत आहे. यांना एकच मुलगी, लुलवा. म्हणून सगळं आखात त्यांना बू-लुलवा म्हणायचं, म्हणजे लुलवाचा बाप. कॅसेटवरसुद्धा तेच नाव छापलेलं असायचं.

बाप समुद्रातून मोती काढणारा. पोरगा लहानपणीच त्याच्याबरोबर नावेवर गेला आणि गाणं तिथंच शिकला, कारण मोत्याच्या प्रत्येक नावेवर एक गाणारा ठेवलेला असायचा. तो गायचा आणि बाकीचे वल्ही मारायचे. पुढं मोत्यांचा धंदा बसला तसे हे रेकॉर्ड करायला मुंबईला आले, काही वर्षं महंमद अली रोडच्या आसपास राहिले, आणि तिथलं हिंदी उचलून परत गेले. माझ्याशी ते त्याच हिंदीत बोलायचे. मग रेडिओ आला, कैरो झालं, कुवेत झालं. स्वतः चाली बांधायच्या, स्वतः गायच्या, आणि दुसऱ्या गायकांनाही द्यायच्या. लग्न म्हणू नका, ईद म्हणू नका, टॅक्सी म्हणू नका, त्यांचं गाणं नाही अशी जागा नव्हती. मी तिथं सात वर्षं राहून त्यांचं एक गाणं ओळखू शकत नव्हते, यावरून माझ्या कानांची लायकी समजा.

आता त्या गळ्यात कॅन्सर निघाला होता. डॉक्टर रऊफ म्हणून आमचे इजिप्तचे सर्जन होते. त्यांनी काही न लपवता सांगितलं होतं की आतली आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल, मानेला पुढून भोक ठेवावं लागेल, श्वास त्यातून घ्यायचा. माणूस जगेल, आवाज परत येणार नाही. आणि नाही काढली तर हा उन्हाळा निघायचा नाही, गुदमरून जाईल. बू-लुलवांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. ज्यानं दोन्ही दिलं तो दोन्ही एकदमच घेऊन जाईल, एवढंच त्यांचं उत्तर. डॉक्टर रोज विचारायचे, हे रोज मान हलवायचे. लुलवा शाळेत इंग्रजी शिकवायची, ती शाळा सुटली की यायची, पायाशी बसून विनवायची, आणि हे भिंतीकडं बघत पडायचे. श्वासाला शिट्टी यायला लागली होती. मला ती खोलीच्या बाहेरून ऐकू यायची.

तर त्या सकाळी मी त्यांना म्हटलं की माझं गाणं नको. त्यांनी विचारलं, इतकं काय वाईट आहे. तेव्हा मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील मिरजेच्या चर्चमध्ये गायनमंडळ चालवायचे. पोटची पोर मंडळात नाही हे बरं दिसेना, म्हणून मला शेवटच्या रांगेत उभी करायचे आणि दर रविवारी कानाशी येऊन सांगायचे, “मार्था, आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव.” लग्न होईपर्यंत मी ओठ हलवले. इतके झकास हलवायचे, की एकदा पाहुण्या बिशपनी मंडळातून मलाच निवडून शाबासकी दिली होती.

म्हातारा उशीवरून उठून बसला. “खरंच? अजिबात सूर नाही?”

“अजिबात नाही.”

“मग तर गायलाच पाहिजे.”

झक मारत मी एक ओळ म्हटली. डोळे मिटून ऐकली त्यांनी, कडू काढा पोटात उतरेपर्यंत माणूस थांबतो ना, तसं. मग हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता दम, मला धावून ऑक्सिजन लावावा लागला. मास्कच्या आतून म्हणाले, “अल्लानं धाडलंय तुला, सिस्तर. मरहून गेल्यापासून मी असा गळा शोधतोय.”

मरहून कोण, तर त्यांचा जुना ड्रायव्हर. आधी नावेवर स्वयंपाक करायचा, मग मोटार चालवायचा. त्याला सुराचा गंधही नव्हता. बू-लुलवा प्रत्येक नवी चाल पहिल्यांदा मरहूनला ऐकवायचे आणि दुसऱ्या सकाळी चहा करताना तो ती गुणगुणतोय का ते दाराआडून बघायचे. गुणगुणला, म्हणजे चाल चालली. विसरला, म्हणजे चाल टाकून दिली. ते म्हणायचे, गवयाला काय, काहीही आठवतं. बिनकानाच्या माणसाच्या डोक्यात जी राहते, ती सगळ्यांच्या डोक्यात राहते. इतक्या वर्षांची त्यांची सगळी गाणी मरहूनच्या बेसूर गळ्यातून पास होऊन बाहेर पडली होती. आणि मरहून मागल्या थंडीत वारला होता. तेव्हापासून एक चाल त्यांच्याकडं तशीच पडून होती.

“टेपवर घ्या की,” मी म्हटलं.

त्यांनी नाक मुरडलं. कच्ची चाल मशिनीत घातली की तशीच कच्ची राहते, म्हणाले. त्यांनी आयुष्यात कधी तसं केलं नव्हतं. लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता, लिहाय-वाचायला ते शिकलेच नाहीत.

झालं. त्या दिवसापासून मला नवं काम लागलं. रोज दुपारी जेवणाची ताटं गेली की ते मला बोलवायचे आणि उरल्यासुरल्या आवाजात ती चाल म्हणायचे. आवाज कसला, फुटक्या भात्यातून वारा यावा तसा. दुसऱ्या सकाळी विचारायचे, आठवतं का? मी म्हणायचे, नाही. ते चालीत काहीतरी बदलायचे आणि दुपारी पुन्हा ऐकवायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मला तर वाटायचं, या माणसाला मरण दारात दिसतंय आणि याला खेळ सुचतोय.

शब्दांचा अर्थ एकदा मी विचारला. गाणं पाणबुड्याचं होतं. मोती काढणारा कमरेला दोरी बांधून तळाशी जातो आणि वर नावेत एक जण ती दोरी हातात धरून बसतो. खालच्याचा श्वास संपत आला की तो दोरीला एक झटका देतो, आणि वरच्यानं ओढायचं. वरच्यानं इकडंतिकडं बघायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं हाताकडं लक्ष. गाण्यात खालचा माणूस म्हणतो की दोरी हलली, आता ओढ.

“दोरी धरायला कुणीही चालत नाही,” ते म्हणाले. “माझा बाप खाली जायचा तेव्हा वर त्याचा सख्खा भाऊ असायचा. घरचंच माणूस लागतं.”

यात मला एक गोष्ट खटकायची. हे सगळं ते लुलवा यायच्या आधी उरकायचे. एखाद्या दिवशी ती लवकर आली तर दारात तिची सावली दिसताच मधेच गप्प व्हायचे. ती बिचारी बाहेर व्हरांड्यात उभी राहायची. एकदा मी खोलीतून बाहेर पडले तर ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे लाल. मी तिला आमच्या चहाच्या खोलीत नेलं.

“तुम्हाला शिकवतात,” ती म्हणाली. “मला ऐकूसुद्धा देत नाहीत.”

मी म्हटलं, अगं, मला शिकवतात कारण मी गाढव आहे. ती हसली नाही. मग हळूहळू बोलायला लागली. लहानपणी ती बापाच्या मांडीवर बसून गायची. शाळेत जायच्या आधी तिला त्यांची सगळी गाणी येत होती. चाल अर्धी झाली की पुढं ती कुठं वळणार हे ती त्यांच्या आधी ओळखायची आणि ते खूश होऊन तिला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरवायचे. सतरा वर्षांची असताना ती मावसबहिणीच्या लग्नात बायकांच्या बैठकीत गायली. तिथं कुणीतरी टेप लपवून ठेवला होता. महिन्याभरात ती कॅसेट बाजारात आली आणि पुरुषांच्या कॉफीच्या दुकानांत वाजायला लागली. एका संध्याकाळी बू-लुलवा दोस्तमंडळींत बसले असताना समोरच्या दुकानातून पोरीचा आवाज आला, आणि बसलेल्यांतला एक जण न राहवून म्हणाला, बापापेक्षा गोड आहे की.

“ते उठले,” लुलवा म्हणाली, “आणि सगळ्यांसमोर अल्लाची शपथ घेतली. त्या दिवसानंतर मी गायले नाही. माझ्या पोरांना मी अंगाईसुद्धा म्हटलेली नाही, सिस्टर.”

“शपथ मोडता येत नाही?”

“येते की. गरिबांना जेवू घालायचं, नाही जमलं तर तीन रोजे ठेवायचे, सुटली शपथ. पण ती त्यांनी मोडायला हवी ना.”

माझा स्वभाव असा, की पोटात राहत नाही. दुसऱ्या सकाळी इंजेक्शन देताना मी त्यांना सुनावलं. म्हटलं, मरायला निघालात ते निघालात, पोरीला तरी मोकळी करा. तीन रोजे ठेवले की सुटतंय म्हणे सगळं. सलाईनवर आहात, तसंही जेवत नाही.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. त्यांनी शिट्टीसारखा एक श्वास ओढला. मग म्हणाले, “सिस्तर, मी आयुष्यभर काय विकलं? तोंडातून निघालेलंच विकलं. लोकांनी ते घेतलं, कारण बू-लुलवाच्या तोंडून जे निघतं ते खोटं नसतं असं त्यांना वाटायचं. आता या वयात त्यांच्यापुढं जाऊन सांगू, की ते माझं नव्हतं?”

“मग पोरगी अशीच राहू दे?”

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा, असं मनात म्हणून मी सुई काढली आणि निघून आले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. मी दुसऱ्या टोकाच्या खोलीत चादरी बदलत होते. अलेयम्मा म्हणून माझ्याबरोबर कोट्टयमची सिस्टर होती. ती एकदम थांबली आणि म्हणाली, “मार्था, हे काय रेकतेस सकाळपासून?” मी काही करतेय हे मलाच ठाऊक नव्हतं. मग लक्षात आलं. दोरी हलली, आता ओढ. अख्खं कडवं माझ्या तोंडात बसलं होतं.

मी हातातली चादर टाकून बू-लुलवांच्या खोलीत गेले आणि दार लावून म्हणून दाखवलं. ते ऐकत होते. हसले नाहीत. एके ठिकाणी त्यांच्या कपाळावर आठी पडली, म्हणजे तिथं मी चुकत असणार, पण त्यांनी दुरुस्त केलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तिथंच आठी, आणि यावेळी तर त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. मी विचारलं, चुकतंय का कुठं? म्हणाले, चुकू दे.

मग म्हणाले, “रऊफला बोलाव. कापायचं ते कापू दे.”

मी उभीच राहिले. इतके दिवस सगळ्यांनी डोकी आपटली तेव्हा नाही, आणि आता एका बेसूर बाईला चाल पाठ झाली म्हणून हो? पण ऑपरेशनला हो म्हणणाऱ्या पेशंटला कारण विचारायचं नसतं, डॉक्टरला हाक मारायची असते. मी डॉक्टरांकडं धावले. लुलवाला शाळेत फोन केला. ती तशीच आली आणि त्यांच्या हातावर डोकं टेकून खूप रडली. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दारापर्यंत ट्रॉलीबरोबर मी एका बाजूला आणि लुलवा एका बाजूला. व्हरांड्यात माणसंच माणसं. सगळ्यांना ठाऊक होतं की हा आवाज आता परत ऐकायला मिळणार नाही, आणि जो तो कान देऊन उभा होता. लुलवा वाकली. तिला काहीतरी हवं होतं, एक शब्द, नुसतं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी तिच्याकडं नीट बघून घेतलं. मग मान माझ्याकडं वळवली.

“सिस्तर,” ते म्हणाले, “चाल सांडू नकोस.”

दार बंद झालं. त्या आवाजातलं शेवटचं वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं, आणि पोटच्या पोरीला काहीच नाही. लुलवानं माझ्याकडं बघितलं नाही. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. मी त्या माणसाचा मनापासून राग राग केला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं. पण खोलीत परत आला तो माणूस वेगळाच होता. मानेला भोक, नाकातून नळी, त्यातूनच जेवण. दिवसातून कितीतरी वेळा मी मशीन लावून त्यांचा कफ काढायचे, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि एवढं होऊन आवाज नाही. विव्हळायलाही आवाज लागतो हे मला त्या वॉर्डात कळलं. असे पेशंट पाटीवर लिहून सांगतात. यांना लिहिता येत नव्हतं. काही जण नुसते ओठ हलवून बोलतात आणि आम्हाला ते वाचता येतं. मी त्यांना म्हटलं, ओठ हलवा बाबा, मी त्यात पटाईत आहे, मला सगळं कळेल. त्यांनी तोंड फिरवलं. गाणाऱ्या माणसाला आवाजाशिवाय ओठ हलवायची लाज वाटत असेल, असं मी समजले. भेटायला येणाऱ्यांकडं ते बघत नसत. एकदा त्यांनी नाकातली नळी ओढून काढली, मला ती पुन्हा घालावी लागली. लुलवा यायची, खुर्चीत बसायची, आणि दोघांत शब्दही नसायचा. डॉक्टर म्हणाले, जखम भरतेय, पण हा माणूस असा पडून राहिला तर ऑपरेशनचा उपयोग नाही.

टाके निघाले त्या दुपारी मी मानेचं ड्रेसिंग करत होते. लुलवा खिडकीशी पाठमोरी उभी होती. बू-लुलवांनी माझं मनगट धरलं. माझ्याकडं बोट केलं, मग माझ्या गळ्याकडं.

मला कळलं, पण मी कळलं नाही असं दाखवलं. लुलवासमोर ते गाणं म्हणायचं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ. त्यांनी पलंगाच्या दांडीवर हात आपटला. पुन्हा माझ्या गळ्याकडं बोट. म्हटलं, नंतर म्हणते. त्यांनी आणखी जोरात आपटला, मानेतून कफ उडाला, श्वास घरघरायला लागला. शेवटी घाबरून मी म्हणायला लागले.

म्हणत गेले आणि त्या जागेशी आले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चूक. पुन्हा सुरुवातीपासून. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा त्याच जागी त्यांचा हात. ते हातानं दाखवत होते, वर, इथून वर जा. मला काय वर आणि काय खाली. मी नुसती मोठ्यानं ओरडले. त्यांनी मान हलवली. पुन्हा. मला घाम फुटला होता. लाजेनं कानशिलं तापली होती. आणि खिडकीशी लुलवानं गजाला धरलेलं मला दिसत होतं. प्रत्येक वेळी मी त्या जागेजवळ यायचे तशी तिची बोटं आवळायची, चूक झाली की खांदे आखडायचे. मी चौथ्यांदा की पाचव्यांदा म्हटलं आणि तिथंच, त्याच ठिकाणी, तशीच घसरले.

आणि लुलवाच्या तोंडून ती जागा निघाली.

तिनं म्हटली नाही, निघाली. वळून, वर जाऊन, अलगद खाली. इतकीशीच. माझ्यासारखीलाही कळलं की हे बरोबर आहे, बाहेरचं दार आपसूक लागतं तसं काहीतरी जागेवर बसलं. तिनं पटकन तोंडावर हात दाबला. वळली, बापाकडं बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

“युबा,” ती म्हणाली. तिकडं बापाला तशी हाक मारतात. “युबा, माफ करा. चुकून झालं.”

ते तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी आपलं एक बोट उचललं आणि मानेवरच्या त्या भोकापाशी नेलं. तिथं जरा वेळ धरलं. मग हात तिच्यापुढं उघडला. रिकामा पंजा.

लुलवा हळूहळू खाली बसली, जमिनीवरच. मी धावले, मला वाटलं घेरी आली. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुम्हाला मी शपथेचे शब्द सांगितले नव्हते ना, सिस्टर?”

“नाही.”

“ते म्हणाले होते, अल्लाची शपथ, जोवर माझ्या गळ्यात आवाज आहे, तोवर तिच्या गळ्यातून आवाज निघणार नाही.”

माझ्या हातात ड्रेसिंगचा गॉज होता तो तसाच राहिला. मग एकेक माझ्या टाळक्यात शिरायला लागलं. ऑपरेशनला हो का म्हणाले, कधी म्हणाले, माझी चूक का दुरुस्त केली नाही. पोरीला सरळ गा म्हटलं असतं तर तिनं शपथेला भिऊन तोंड उघडलं नसतं. म्हणून चाल माझ्याकडं ठेवली, अशा गळ्यात, की ती नीट करायला कुणीतरी मध्ये पडल्याशिवाय राहू नये. असा लबाड माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि त्याचा मी किती राग केला होता. मला रडू आवरेना.

लुलवा उठून पलंगाच्या कडेला बसली. सुरुवातीपासून म्हणायला लागली. इतक्या वर्षांत न वापरलेला आवाज, पहिल्यांदा खरखरला, मग मोकळा व्हायला लागला. त्या जागेपर्यंत आली आणि भीतीनं थांबली. बू-लुलवांनी तिच्या काळ्या अबायाचं, म्हणजे तिकडच्या बुरख्याचं, टोक मुठीत धरलं आणि खाली एक झटका दिला, एकच. दोरी हलली.

ती पुढं गाऊ लागली. मी डोळे पुसून मानेच्या भोकाजवळचा गॉज नीट करायला वाकले, आणि त्यांचं तोंड माझ्या अगदी समोर आलं. इतके दिवस दगडासारखे मिटलेले ओठ हलत होते. तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर, जराही मागंपुढं नाही. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे म्हणजे काय असतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. पण मी ते लाजेनं हलवले होते. यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती.

मी दार ओढून बाहेर आले. व्हरांड्यात अलेयम्मा औषधांची ट्रॉली घेऊन थांबली होती. तिच्यामागं वॉर्डबॉय, झाडूवाला, दोन-तीन पेशंटसुद्धा, सगळे चिडीचूप.

“आत कोण गातंय?” तिनं विचारलं.

“दोघं,” मी म्हटलं.